परत आला की उठला? ख्रिस्तपुराण वाचताना आपण वगळलेला भाग

मंडळाच्या गेल्या पावसाळ्यातल्या बैठकीत मी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर तासभर बोललो होतो. जे आले होते त्यांना आठवत असेल. लॅपटॉप, पडदा, तीसेक स्लाइड. शेवटाकडे मी एक तक्ता दाखवला होता. डाव्या बाजूला ख्रिस्ती कल्पना आणि उजव्या बाजूला तिच्यासाठीचा आपल्याकडचा शब्द. स्वर्गाला वैकुंठ, तारणाला मोक्ष आणि मुक्ती, बायबलमधल्या कथेला पुराण. आणि सगळ्यात खाली होतं, ‘पुनरुत्थान = पुनर्जन्म’.

वरच्या ओळी पुस्तकातल्या होत्या. शेवटची मात्र माझी होती. तक्ता भरलेला दिसावा म्हणून मी ती घातली. नोकरीतली तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, रिकामा रकाना मला बघवत नाही.

बैठक संपल्यावर चहाच्या वेळी सासष्टीतले एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. भाषण आवडलं म्हणाले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, “बाब, तुमचो तो निमाणो शब्द चुकला. लाझर परतून आयलो. जेजू परतून येवंक ना, तो फुडें गेलो.”

मी तेव्हा मान हलवली आणि बिस्किट उचललं. खरं सांगायचं तर त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नव्हतं. घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. लाझर परत आला, जेजू पुढे गेला. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा केलेला अभ्यास आहे, आणि माझ्या त्या भाषणाची मीच केलेली टीकाही आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. येशू खरोखर थडग्यातून उठला की नाही, हा या लेखाचा विषय नाही. जे लोक तसं मानतात ते नेमकं काय मानतात, आणि आपण ख्रिस्तपुराणाचे चाहते ते न समजून घेताच पुस्तकाचं कौतुक कसं करतो, एवढाच विषय आहे.

पुस्तक थोडक्यात

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. स्टीफन्स हे इंग्लंडमधले जेझुइट. 1579 मध्ये गोव्यात आले, आयुष्याचा बहुतेक काळ सासष्टीत घालवला आणि 1619 मध्ये वारले. त्यांचं पुराण 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं, मराठीत पण रोमन लिपीत. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. हस्तलिखित नकलांवरून 1907 मध्ये जोसेफ सालढाणांनी मंगळुरूला ते रोमन लिपीत छापलं, 1956 मध्ये शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलं. एक देवनागरी हस्तलिखित लंडनला आहे, मार्सडन संग्रहात. पुस्तकाचे दोन भाग. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या करारातल्या कथा, 36 अवस्वरू. दुसऱ्यात येशूचं चरित्र, 59 अवस्वरू. ओव्या सुमारे अकरा हजार.

आपण काय वाचतो

आता बघा, अकरा हजारांपैकी आपल्याला किती ओव्या माहीत असतात? मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या चार-पाच. मराठी दिन आला की त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. एका इंग्रजाने मराठीचं एवढं कौतुक केलं म्हणून आपण हरखतो आणि पुस्तक मिटतो. माझ्या तीस स्लाइडपैकी सहा त्याच ओव्यांवर होत्या.

याच्या पुढे जाणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणते, “बघा, वैकुंठ, मोक्ष, पुराण, ओवी! म्हणजे आतून सगळं आपलंच, फक्त नावं वेगळी.” दुसरी म्हणते, “हे सगळं धर्मांतराचं साधन. गोड आपल्या शब्दांचं, औषध त्यांचं.” पहिली तऱ्हा माझी होती. दुसरीला आधार नाही असं नाही. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद केली गेली, तेव्हा त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या, अशी मागणी होते आणि त्यातून हे पुराण उभं राहतं. ही गोष्ट स्टीफन्सनी लपवलेली नाही, पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे.

पण दोन्ही तऱ्हांचा दोष एकच. दोघीही शब्दांची यादी करतात आणि शब्दांना काय वाहून न्यायचं होतं ते बघत नाहीत. जलवाहिनीचा व्यास मोजायचा, सांधे मोजायचे, आणि आत पाणी आहे की तेल हे विचारायचं नाही, असला हा प्रकार.

येशूचा जन्म, चमत्कार, दृष्टांत, हालअपेष्टा, मरण, इथपर्यंतची कथा आपल्या श्रोत्याला अवघड जात नाही. साधुपुरुषांचा छळ आपल्या संतचरित्रांत भरपूर आहे. खरी परीक्षा पुढे आहे. दुसऱ्या पुराणाच्या शेवटाकडे तो मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठतो. सगळं पुराण तिथे जाऊन टेकतं. तिथे आपल्या कोठारातला कुठला शब्द चालतो?

शब्द तपासून बघू

पुनर्जन्म चालत नाही. जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दृष्टांत आपल्या अंगात मुरलेला आहे. त्यात देह हा कपडा. ख्रिस्ती कथेत मात्र थडगं रिकामं आहे. देह टाकलेला नाही. तोच देह, त्यावर खिळ्यांच्या खुणा.

अवतारही चालत नाही. अवतार म्हणजे खाली उतरणं. येशू जन्मला त्या प्रसंगाला तो शब्द थोडाफार बसतो, पण कार्य संपल्यावर अवतार निजधामाला जातो. व्याधाचा बाण लागला आणि श्रीकृष्णांनी देह ठेवला. तिसऱ्या दिवशी ते द्वारकेत कोणाला भेटले, अशी कथा आपल्याकडे नाही आणि तिची गरजही नाही.

संजीवनी? कच मेला, शुक्राचार्यांनी विद्येने उठवला. सत्यवान मेला, सावित्रीने यमाकडून परत आणला. दोघेही आपल्या जुन्या आयुष्यात परत आले, पुढे केव्हातरी पुन्हा मरायला. बायबलमध्येही अशी गोष्ट आहे, आणि तीच त्या शिक्षकांनी सांगितलेली लाझरची. चार दिवस थडग्यात असलेल्या लाझरला येशूने हाक मारली, तो गुंडाळलेल्या कापडांसकट बाहेर आला. पण तो कधीतरी पुन्हा मेलाच असणार. त्याचं मरण पुढे ढकललं गेलं.

चिरंजीव? अश्वत्थामा, बिभीषण, हनुमंत. हे मेलेच नाहीत. येशू मेला, पुरला गेला. त्याच्या मेलेपणाबद्दल कथा अजिबात संदिग्धता ठेवत नाही.

मग आपल्या संतांकडे वळलो. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी, 1296. तुकारामांचं सदेह वैकुंठगमन, परंपरेप्रमाणे 1650, म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या मधलं. ‘सदेह’ हा शब्द वाचून मी थांबलो, कारण देहाला इथे मान आहे. पण तुकोबांच्या कथेत मरणच नाही, मरणाला वळसा आहे. येशूच्या कथेत वळसा नाही, तो मरणातून आरपार जातो.

तक्त्यातला तो रकाना मी रिकामा ठेवायला हवा होता. कोठारात नेमका शब्द नव्हता, आणि हीच त्या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची माहिती होती.

अथेन्सची गोष्ट

ही अडचण सासष्टीची एकट्याची नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये संत पौल अथेन्सला जातो तो प्रसंग आहे. तिथले विद्वान त्याचं ऐकतात आणि त्यांना वाटतं हा दोन परके देव सांगतोय, येशू आणि अनास्तासिस. अनास्तासिस म्हणजे पुनरुत्थान. त्यांना ते एखाद्या देवीचं नाव वाटलं! आणि मेलेले उठतात असं पौल म्हणतोय हे कळलं तेव्हा काही जण हसले. आत्मा अमर आहे असं तो म्हणाला असता तर प्लेटोच्या गावात कोणी हसलं नसतं. देह उठतो म्हणाला, म्हणून हसले.

या अनास्तासिस शब्दाची मजा बघा. ‘अना’ म्हणजे वर आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. ज्या मूळ धातूतून तो आला त्यातूनच आपला संस्कृत ‘स्था’ आला. ‘उत्’ अधिक ‘स्था’ म्हणजे उत्थान, आणि तेच प्राकृतातून घासत घासत आपलं रोजचं ‘उठणं’ झालं. म्हणजे मराठी बायबलातला ‘पुनरुत्थान’ हा शब्द ग्रीक शब्दाचा जवळजवळ सख्खा भाऊ आहे. पडलेला माणूस उभा राहिला, एवढाच त्याचा साधा अर्थ. जन्म त्यात कुठेच नाही. माझ्या चुकीचं मूळ ‘पुनर्’मध्ये होतं. तो उपसर्ग दिसला की आपल्याला पुढचा ‘जन्म’ आपोआप ऐकू येतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी कोंकणीत वेगळीच वाट काढली. त्यांच्या श्रद्धेच्या अंगीकारात ‘कुडीचें जिवंतपण’ असे शब्द आहेत. कूड म्हणजे देह. आत्म्याचं अमरपण नव्हे, कुडीचं जिवंतपण. कुठल्याही दर्शनातून उसना न आणलेला, स्वयंपाकघरातल्या बाईलाही कळणारा शब्द. शंभर पानी प्रबंधापेक्षा हे दोन शब्द जास्त नेमके आहेत असं माझं मत आहे.

पुढे गेला म्हणजे काय

मग नवा करार घेऊन बसलो. सगळ्यात जुनी साक्ष शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, पंधराव्या अध्यायात. हे पत्र इसवी सन 50 ते 60 च्या दरम्यानचं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांचं. पौल साक्षीदारांची यादीच देतो. केफाला दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून जास्त लोकांना एकदम दिसला, याकोबाला दिसला, शेवटी मला दिसला. आणि वर म्हणतो की हे झालं नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. एखादा धर्म आपलं सगळं वजन एका खांबावर टाकतो आणि तसं उघड सांगतो, हे मला इंजिनीअर म्हणून फार प्रामाणिक वाटलं.

शुभवर्तमानांतल्या कथा विचित्र आहेत. मग्दालिया मरिया त्याला बघते आणि माळी समजते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोन् मैल चालतात पण ओळखत नाहीत, तो भाकर मोडतो तेव्हा ओळखतात. दारं बंद असताना तो आत येतो. पण तोच भाजलेला मासा मागून खातो, म्हणजे भूतही नाही. जुना देह जसाच्या तसा उठला असता तर मरियेने लगेच ओळखला असता. नुसता आत्मा असता तर मासा खाल्ला नसता. ‘फुडें गेलो’ याचा अर्थ मला इथे लागला. तो अलीकडच्या आयुष्यात परत आलेला नाही. देहासकट मरणाच्या पलीकडच्या काठाला गेला आहे, आणि तिथून भेटतो आहे.

हे समजवायला पौल बियाण्याचा दृष्टांत घेतो. पेरता तो दाणा आणि उगवतं ते रोप. रोप म्हणजे दाणा नव्हे, पण दुसऱ्या कोणाचंही नव्हे. आणि येशूला तो पहिलं पीक म्हणतो. इथे मला राय गाव आठवलं. राचोलच्या शेजारचं, ख्रिस्तपुराण छापलं गेलं त्याच परिसरातलं. दर वर्षी 5 ऑगस्टला तिथे कणसांचं फेस्त होतं, भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. आपण हिंदूही चतुर्थीच्या दिवसांत नवें घरी आणतो, दाराला आणि देवाला लावतो. पहिलं कणीस एकटं नसतं. ते हातात आलं म्हणजे मागे सगळं शेत पिकत आलंय. पौलाला तेच म्हणायचंय. येशूचं उठणं हा एकट्याचा पराक्रम नाही, ते पहिलं कणीस आहे, मागे सगळ्या माणसांचं शेत आहे. म्हणून अंगीकारात ‘त्याच्या कुडीचं’ म्हटलेलं नाही, सर्वांच्याच कुडीची गोष्ट आहे. हा अर्थ सासष्टीतल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला लागला नसावा.

जखमा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. उठलेल्या देहावर जखमा आहेत. थोमाला शंका येते तेव्हा येशू त्याला हात आणि कूस दाखवतो. ज्या देहाला बंद दार अडवत नाही त्याच्या जखमा का भरल्या नाहीत? मेकअप केलेला, निर्मळ देह दाखवणं कथेला सोपं होतं. तिने ते केलं नाही. जे घडलं ते पुसलं गेलेलं नाही. मारलं गेलं होतं ही गोष्ट उठल्यावरही खरीच राहते.

हे वाचताना मला कुंकळ्ळी आठवली. 1583 च्या जुलैमध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून पुरण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्यानंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या सोळा गावकऱ्यांपैकी पंधरा जणांना मारलं गेलं, एक निसटला. त्याआधी सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली ती आजही तिथे आहे. त्या पाच जेझुइटांना 1893 मध्ये चर्चने धन्य घोषित केलं. त्या गावकऱ्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आता आता उभं राहिलं.

ज्या माणसाने सहकाऱ्यांचे छिन्न देह हाताळले त्याने तेहेतीस वर्षांनी देहाच्या उठण्याची कथा ओव्यांत छापली. ती वाचताना त्याच्या मनात कोणते देह असतील याचा विचार माझ्या तीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हता. आणि त्याच्या पुराणात असोळण्याच्या पंधरा जणांना जागा नाही, हेही मी म्हटलं नव्हतं. कणसाचा दृष्टांत खरा मानला तर शेतात तेही आले पाहिजेत. ही माझी स्टीफन्सवरची टीका आहे, आणि ती त्यांच्याच पुस्तकाच्या मापाने केलेली आहे, बाहेरच्या नव्हे.

आणि एक टीका आपल्यावर. आपल्या मंडळाच्या पत्रकात ‘तळीचे पुनरुत्थान’, ‘वाड्याचे पुनरुत्थान’ असं मी स्वतः लिहिलंय. तळीचा गाळ काढला, दगड बसवले, पाणी आलं, तो जीर्णोद्धार. चांगलं काम आहे, पण ते लाझरसारखं आहे, पन्नास वर्षांनी पुन्हा गाळ साचेल. शिवाय जीर्णोद्धार करताना आपली पहिली इच्छा जखम बुजवण्याची असते. भिंतीवर जुन्या पाडापाडीचा व्रण असला तर गिलावा मारून टाकतो. सासष्टीचा इतिहासही आपण तसाच सांगतो. एक बाजू म्हणते सगळं सलोख्याचं होतं, दुसरी आपल्याच जखमा मोजते. उठलेल्या देहाची कथा सांगते की जिवंत होणं आणि जखमा दिसत राहणं यांत विरोध नाही. ही शिकवण घ्यायला ख्रिस्ती व्हावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात तो तक्ता मी पुन्हा उघडला. शेवटच्या ओळीतून ‘पुनर्जन्म’ काढला आणि ‘कुडीचें जिवंतपण’ लिहिलं. मग त्या शिक्षकांना फोन करून सांगितलं. ते हसले, म्हणाले, “बरें केलें. आतां सगळें पुराण वाच.”

वाचतोय. पुढच्या बैठकीत दुसऱ्या पुराणाचा शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचावा अशी माझी सूचना आहे. ओवी कानाने कळते. ज्यांच्याकडे बंडेलूंची प्रत असेल त्यांनी घेऊन यावी. चूकभूल असेल तर कळवा, या वेळी बिस्किट खाली ठेवून ऐकेन.